तो स्क्रीन रीडर कुणाचा होता

या लिखाणात कुणाचंही नाव नाही, माझंही नाही. वाचणाऱ्याला तो सभ्यपणा वाटेल म्हणून आधीच सांगते, तो भेकडपणा आहे.

मी वसमतला आईजवळ राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम घरून करते. आईची तब्येत बरी नसते म्हणून गावी आले, असं मी ऑफिसात सांगितलंय. आई ठणठणीत आहे. दोन कळश्या घेऊन अजून जिना चढते. तब्येत बिघडली आहे ती माझ्या डोळ्यांची. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं दिसेना. लहानपणी आम्ही पपईच्या पानाच्या देठाची नळी करून तिच्यातून एकमेकांना बघायचो, तसं बरीच वर्षं दिसत राहिलं. आता त्या नळीतही धुकं भरलंय. नांदेडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की हे घराण्यातून येतं आणि थांबत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आईनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "कोणाला सांगू नको. येकदा कळलं की मानसाचं नाव पुसून जातंय."

ती उगाच बोलत नव्हती. कुरुंद्याकडच्या आमच्या गावात माझी एक आत्या होती. लग्नानंतर तिची नजर गेली आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. त्या दिवसापासून ती 'आंधळी' झाली. लोक पत्ता सांगतानासुद्धा "आंधळीच्या घरावरून डाव्या हाताला वळा" म्हणायचे. कुणाच्या मनात वाईट असायचं असंही नाही. जसं 'पिंपळापासून वळा' म्हणतात तसंच ते. आत्या गेली तेव्हा विहारातल्या शोकसभेत तिचं खरं नाव घेतलं गेलं, तर माझ्या शेजारच्या दोन बायका एकमेकींना विचारत होत्या, "कोण गं ही?" मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला चांगलं दिसत होतं. मला त्या बायकांचा राग आला नाही. आपण आत्यासारखं होऊ नये, एवढंच मनात आलं.

तेव्हा लपवायचं ठरलं, आणि लपवायला हिंगोली जिल्ह्यासारखी सोयीची जागा नाही. कॅमेरा का बंद ठेवता? आमच्याकडं नेटवर्क नाही. उत्तर द्यायला उशीर का झाला? लाइट गेली होती. पुण्यातल्या लोकांना आमच्या जिल्ह्याबद्दल काहीही वाईट सांगा, ते मान डोलावतात. उलट "कसं काम करता हो तिथून" म्हणून कौतुकच करतात.

काम मी स्क्रीन रीडरवर करते. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर आलेला मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. कानाला सवय झाली की माणूस त्याचा वेग वाढवत नेतो. माझा आता इतका भरभर बोलतो की आईला वाटतं रेडिओ बिघडलाय. माझं बहुतेक काम टर्मिनलवर चालतं, म्हणजे काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. आपण एक हुकूम टाइप करायचा, खाली उत्तर येतं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. न दिसणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असणार? पण डोळस लोकांना साधं राहवत नाही. तिथंही त्यांनी नटवानटवी केलीच. काम चालू आहे हे दाखवायला एक चाक फिरवायचं. ते खरं चाक नसतं. एका जागी आडवी रेघ, तिरपी रेघ, उभी रेघ अशी अक्षरं भराभर बदलतात आणि बघणाऱ्याला फिरल्यासारखं वाटतं. स्क्रीन रीडर बिचारा प्रामाणिक, तो प्रत्येक रेघ वाचत सुटतो. काम झालं की हिरवं, फसलं की लाल. आणि रंग तर त्याला वाचताच येत नाही.

आमच्या कंपनीत असंच एक टूल आहे. नवे प्रोग्राम सर्व्हरवर चढवायला सगळी टीम तेच वापरते, त्याच्यावाचून कुणाचं काम पुढं सरकत नाही. त्यातलं चाक आणि लाल-हिरवं मीच बसवलेलं, नजर धड होती तेव्हा. छान दिसतं म्हणून माझी पाठही थोपटली होती. पुढं माझ्यावर वेळ आली तेव्हा मी गुपचूप पळवाट काढली. टूलचं सगळं बोलणं एका फाइलमध्ये वळवायचं, काम संपल्यावर ती फाइल ऐकायची, आणि शेवटी ती पडद्यावर उघडून, तोंड जवळजवळ टेकवून लाल की हिरवं तेवढं बघायचं.

गेल्या वर्षी टीममध्ये एक नवा मुलगा आला. वाशीमकडचा, जन्मापासून आंधळा. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यानं सांगून टाकलं, "मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर काम करतो. पडद्यावर काही दाखवाल तर तोंडानं पण सांगत जा." कुणी 'मी कांदालसूण खात नाही' म्हणून सांगावं तितक्या सहज. सगळे एकदम हळू आणि गोड आवाजात त्याचं स्वागत करायला लागले. मला मात्र त्याचा रागच आला. माणसानं इतकं उघडं राहू नये, असं काहीतरी मी मनात म्हणाले. चोराच्या मनात चांदणं असतं, तशी त्याच्या मोकळेपणाची मला भीती वाटत होती, हे आज कळतं.

शेजारच्या जिल्ह्यातली म्हणून तो मला ताई म्हणू लागला. काम त्याचं पक्कं होतं, पण टूलपाशी त्याचं घोडं अडायचं. चाक सुरू झालं की त्याचा रीडर रेघा मोजत बसायचा, आणि काम झालं की फसलं हे त्याला दर वेळी कुणाला तरी फोन करून विचारावं लागायचं. तो प्रोबेशनवर होता. कामं वेळेत उरकली नाहीत तर कायम करणार नाहीत, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. त्यानं टीमच्या प्रमुखाला रीतसर अडचण सांगितली. आमचे सर हुशार गृहस्थ, त्यांनी लगेच तोडगा काढला. समोर स्क्रीन रीडर आहे हे टूलनं स्वतःच ओळखायचं. ओळखलं की चाक बंद, रंग बंद, सरळ वाक्यात बोलायचं. बाकीच्यांना आहे तसंच. आणि हे ओळखण्याचं काम त्यांनी मला दिलं, कारण टूलचं दिसणं म्हणजे माझंच खातं.

मी ते दोन दिवसांत लिहिलं. त्यात फार अक्कल लागत नाही. संगणकावर त्या घडीला कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत ते विचारायचं, आणि त्यात माहीत असलेल्या स्क्रीन रीडरांपैकी एखादा आहे का बघायचं. लिहून झालं आणि सवयीनं मी ते माझ्याच लॅपटॉपवर चालवून बघितलं.

"स्क्रीन रीडर सापडला," माझ्या कानात माझाच स्क्रीन रीडर म्हणाला.

खोलीत मी एकटी होते, दार लोटलेलं होतं, तरी मी मागं वळून बघितलं, जसं काही मला दिसणारच होतं. टूल असली प्रत्येक ओळ सर्व्हरवरच्या नोंदीत टाकतं आणि ती सगळी टीम वाचते. म्हणजे हे सुरू झालं की पहिल्या सकाळी दोन माणसं सापडणार होती. मी लिहिलेलं सगळं पुसलं.

मग मीटिंगमध्ये मी भाषण ठोकलं. असं ओळखणं भरवशाचं नाही. बरेच जण टूल लांबच्या सर्व्हरवरूनच चालवतात, रीडर असतो माणसाच्या टेबलावर, मधल्या तारेतून नुसती अक्षरं जातात. ती डोळ्यांनी वाचली की कानांनी, हे त्या सर्व्हरला कळायचा मार्गच नाही. आणि समजा कळलं, तरी एखाद्याचं अपंगत्व त्याला न विचारता नोंदवून ठेवायचा आपल्याला काय अधिकार? यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणून तर आणखी लाज वाटते. खोटं बोलून लपवलं असतं तर निदान खोटं बोलले असं म्हणता आलं असतं. मी खऱ्याच्या पदराआड लपले.

गंमत म्हणजे त्या मुलानं माझीच बाजू घेतली. "ताईंचं बरोबर आहे," तो म्हणाला. "ओळखायला जाऊच नका, चुकेल. एक सेटिंग द्या. ज्याला साधं पाहिजे तो स्वतः चालू करेल. मी करतो ना."

सर म्हणाले, म्हणजे प्रत्येक संदेश दोनदा लिहायचा, दोनदा तपासायचा, आणि हे कायमचं. एवढं कुणासाठी? एकट्यासाठी? मग त्यांनी सरळ विचारलं, "आणखी कुणाला या टूलचा त्रास होतो का?"

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. थोडं इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "ताई, एक इचारू? राग नका मानू. तुमी कोणता स्क्रीन रीडर वापरता?"

मी म्हणाले, "मी? मी कशाला वापरू?"

"न्हाई, माझ्या कामात चूक सापडली की तुमी ओळीचा नंबर सांगता. बाकीचे म्हणतात, ते वरचं लाल बघ. तुमी कधी 'बघ' म्हणतच न्हाई. म्हणून वाटलं."

सगळी टीम रोज माझ्याशी बोलत होती, त्यातल्या कुणाला काही कळलं नव्हतं. ज्याला दिसत नाही त्यानं मला बरोबर ओळखलं होतं. मी हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं, इतकं खोटं होतं. म्हणाले, "अरे, चाचणीसाठी एक टाकून ठेवलाय. तुझ्यासाठीच."

"असं व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं, दोघं असतो तर जरा वजन पडलं असतं." आणि त्यानं फोन ठेवला. ती पळवाट, ती फाइलमध्ये वळवायची, निदान तेवढी तरी मी त्याला सांगायला हवी होती. नाही सांगितली. ती कुठून शिकलात, असं त्यानं विचारलं असतं.

मग हळदीचे दिवस आले. आमच्याकडं हळद शिजवून वाळवली की तिला पॉलिश करतात. मोठ्या लोखंडी ड्रममध्ये हळकुंडं भरायची आणि मोटारीवर ड्रम फिरवायचा, म्हणजे वरची साल घासून निघते. आमच्या घराला लागूनच असा ड्रम आहे. तो सुरू झाला की भिंतीतले खिळे थरथरतात आणि माझ्या टेबलावर पिवळा थर बसतो. त्या दिवशी सकाळपासून तो चालू होता. हेडफोनमध्ये स्क्रीन रीडर ऐकू येईना म्हणून मी आवाज वाढवत वाढवत पार वर नेला होता. मीटिंग चालू होती. सर सगळ्यांना आलेल्या कामांचा हिशेब विचारत होते. माझी पाळी आली, मी माइक उघडला, हेडफोन गळ्यात ओढला, दोन वाक्यं बोलले आणि माइक बंद करायचं विसरले. मागं टूल चालू होतं, आणि त्या दिवशी घाईत मी ते फाइलमध्ये वळवलं नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. ड्रम खडखडत थांबला. लॅपटॉप बॅटरीवर होता, नेट मोबाइलचं होतं, त्यामुळं मीटिंग काही तुटली नाही. गल्ली एकदम गप्प झाली आणि त्या शांततेत माझ्या गळ्यातला हेडफोन पूर्ण आवाजात, सगळ्या टीमला ऐकू जाईल असा बडबडत होता. आडवी रेघ, तिरपी रेघ, उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ.

सर बोलता बोलता थांबले. "हे काय आहे? कुणाचा आवाज हा?"

माझा हात कीबोर्डवर होता. बोट हललं असतं तर आवाज बंद झाला असता, पण ते हललं नाही. आपलं नाव आता पुसणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"माझा, सर," तो मुलगा म्हणाला. "सॉरी. हेडफोन निघाला."

कुणाचा माइक वाजतो आहे ते पडद्यावर दिसतं म्हणे. बघायची कुणाला गरजच वाटली नसेल. त्या टीममध्ये आंधळा एकच होता. सर म्हणाले, "अरे, निदान कॉलवर तरी ते बंद ठेवत जा. सगळ्यांना त्रास होतो. आधीच तुझी कामं मागं पडलीत." तो म्हणाला, "हो सर." तोवर मला जाग आली आणि मी माइक बंद केला. लगेच आवाजही थांबला. तेही बरोबर जुळून आलं, जणू त्यानंच बंद केला.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. त्याच्या टूलवर त्या वेळी काही चालूच नसणार, त्याचं काम तर अडून पडलेलं होतं. तो आवाज कुणाचा, तो काय वाचतोय, आणि ते चाक कुणाचं, हे त्या कॉलवर फक्त दोघांना माहीत होतं. आणि त्या दोघांपैकी ज्याची नोकरी टांगणीला लागली होती, त्यानं ते अंगावर घेतलं. मीटिंग संपली तरी मी तशीच बसून राहिले. आई चहा घेऊन आली, कप माझ्या हातात नीट धरून दिला आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "काहून रडून राहिलीस? काय झालं?"

मी सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग हुश्श करून म्हणाली, "बरं झालं बाई. लेकरू भलं हाय. त्याचं काय, त्याचं तर समद्यांला म्हाईतच हाय."

मला आईचा भयंकर राग आला. कप खाली आपटून मी म्हणाले, "असं बोलवतं कसं तुला?" ती कप उचलून खाली निघून गेली. तिच्या बोलण्यानं मी चिडले ते त्यात वाईट होतं म्हणून नव्हे. 'माझा, सर' हे शब्द कानावर पडले तेव्हा माझ्याही मनात सगळ्यात आधी तेच आलं होतं, आणि आईनं ते मोठ्यानं म्हटलं, म्हणून.

त्याला फोन करायची हिंमत झाली नाही. फोन केला असता तर 'का केलंस' म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हटलं की सगळंच कबूल. मग मला जे येतं ते मी केलं. सुट्टीच्या दिवशी बसून, कुणी सांगितलेलं नसताना, टूलमध्ये ते सेटिंग लिहिलं. एकदा चालू केलं की चाक नाही, रंग नाहीत, चौकटी नाहीत. काम सुरू झालं, निम्मं झालं, संपलं, किंवा अमुक ओळीवर फसलं, असं सरळ वाक्यात. प्रत्येक वाक्य मी ऐकून ऐकून घासलं. फसल्याची बातमी वाक्याच्या शेवटी आली तर आधीचं सगळं ऐकावं लागतं, म्हणून 'फसलं' हा शब्द आधी घातला. वाट बघायला लावायची तर मधूनमधून एकदाच बोलायचं, सारखं नाही. टूल कुणालाही ओळखायला जात नाही. ज्याला पाहिजे त्यानं मागायचं. इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं, आणि ते करताना मी स्वतःला सांगत होते की हे त्याच्यासाठी आहे. निम्मं खोटं होतं. पहिल्या दिवसापासून ते सेटिंग मीच वापरते आहे.

सेटिंग आल्याचं टीमला एका ओळीत कळवलं आणि त्याची अडलेली कामं भराभर उरकली. प्रोबेशन संपलं आणि त्याला कायम केल्याचं सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग सर म्हणाले, "आणि यात खरं कौतुक आमच्या हिंगोलीच्या बाईंचं. स्वतःला काडीचा त्रास नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, सुट्टीत बसून त्यांनी हे केलं. याला म्हणतात संवेदनशीलता." पुन्हा टाळ्या झाल्या, माझ्यासाठी.

"थँक्यू ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, मला आवाज ऐकण्याचीच सवय आहे, आणि त्यात टोमणा शोधून सापडला नाही.

"पण बाई, एक सांगा," सर हसत म्हणाले, "कुठला शब्द आधी यावा, कुठं थांबावं, इतकं बारीक तुम्हाला सुचलं कसं? डोळे मिटून बसून बघितलंत की काय?"

सगळे हसले. त्याचा माइक उघडा होता. तो हसला नाही. तो थांबला होता, मला बोलायला जागा ठेवून.

"हो," मी म्हणाले. "डोळे मिटून बघितलं."